ऑटिस्टिक मुलाचे केस कापायचे असतील तर आधी हे करून बघा

माझा मुलगा साडेतीन वर्षांचा होता तेव्हा त्याचे केस कापायला तीन माणसं लागायची, एकाने डोकं धरायचं, एकाने हात आणि तिसऱ्याने भराभर कापायचं. चुकलंच आमचं ते. धरून कापले की पुढची वेळ आणखी अवघड व्हायची, शेवटी तर नुसती कात्री दिसली तरी तो टेबलाखाली जाऊन बसायला लागला.

हा हट्ट नाहीये हे आधी घरातल्या सगळ्यांना सांगा. आवाज, स्पर्श, उजेड या गोष्टी ऑटिस्टिक मुलांना खूप जास्त किंवा खूप कमी जाणवू शकतात, 2013 साली आलेल्या डीएसएम-5 मध्ये (निदान करताना डॉक्टर वापरतात ते अमेरिकन पुस्तक) ऑटिझमच्या निदानाच्या निकषांतच हे धरलंय. ट्रिमर कानाजवळ आला की आवाज बाहेरून तर येतोच पण कवटीच्या हाडातून आतही घुमतो, आणि बऱ्याच मुलांना घट्ट दाबलेलं चालतं पण हलका स्पर्श अजिबात सहन होत नाही.

म्हणून नक्की कशाचा त्रास होतोय ते शोधा, माझ्या मते अर्धं काम इथेच होतं. आम्ही कित्येक महिने कात्रीलाच दोष देत होतो. मग एकदा मी त्याच्या कानाजवळ नुसतीच कात्री वाजवून बघितली, तर काही नाही, शांत बसला. पण कापलेला एक बारीक केस मानेवर पडला मात्र आणि तो ओरबाडायलाच लागला! तेव्हापासून मानेभोवती मऊ टॉवेल घट्ट गुंडाळते, पडलेले केस मऊ ब्रशने लगेच झटकते, आणि मध्येच बदलायला दुसरा टीशर्ट हाताशी ठेवते.

तयारी एक-दोन आठवडे आधी सुरू करा. ट्रिमर बंदच ठेवून त्याला हातात घेऊ दे, मग दुसऱ्या खोलीत चालू करा, मग जरा जवळ, मग ट्रिमरची मागची बाजू त्याच्या हाताला, खांद्याला लावा. दचकला तर एक पायरी मागे या, घाई नको. सोबत फोटोंची पट्टी करा, खुर्ची, टॉवेल, कंगवा, कात्री, अंघोळ आणि शेवटी "झालं". बोलणाऱ्या मुलांनाही पट्टीचा उपयोग होतो, कारण हे संपणार कधी हे न कळणं हीच मोठी भीती असते.

त्या दिवशी मूल भुकेलेलं किंवा झोपाळलेलं नको. बाहेर कापणार असाल तर गर्दी नसलेली वेळ आधी विचारून घ्या. सुरुवातीला खांदे जरा घट्ट दाबा (त्याला आवडत असेल तरच), हात लावायच्या आधी सांगा आणि मोठ्याने दहा आकडे मोजत कापा. दहा झाले की थांबायचं म्हणजे थांबायचंच, "अजून एकदाच" म्हणून पुढे कापलंत तर त्याचा आकड्यांवरचा विश्वास जातो आणि तो परत मिळवायला फार वेळ लागतो. हात वर केला की थांबायचं अशी खूणही ठरवून घ्या. हेडफोन चालत असतील तर वापरा, फक्त कानाजवळचं कापताना काढावे लागतील ते आधीच सांगून ठेवा. आणि मोबाईल बघत बसत असेल तर बघू दे, तेवढ्या वेळाने काही बिघडत नाही.

रडणं हाताबाहेर गेलं तर कात्री खाली ठेवा, बोलणं कमी करा, समजावत बसू नका, त्या वेळी शब्दसुद्धा जास्त होतात. कपडे, दात घासणं, खाणं यातही असाच त्रास होत असेल तर ऑक्युपेशनल थेरपिस्टला (रोजच्या कामांमधल्या अशा अडचणींवर मदत करणारे तज्ज्ञ) दाखवा.

आता तो सात वर्षांचा आहे. मागच्या वेळी चार वेळा हात वर केला, चारही वेळा मी थांबले, आणि पाचव्यांदा तो खुर्चीतून उतरला. डावी बाजू शनिवारी कापून झाली होती, उजवी रविवारी कापली.