ब्लूफिन ट्यूनाची खरेदी-विक्री: या चुका टाळा

५ जानेवारी २०१९ ला टोकियोच्या तोयोसु मासळी बाजारात उत्तर जपानमधल्या ओमा गावचा २७८ किलोचा ब्लूफिन ३३ कोटी ३६ लाख येनला गेला. अशी बातमी वाचून या धंद्याचा हिशेब मांडायला बसू नका. तो वर्षातला पहिला लिलाव असतो, आणि बोली मानासाठी व प्रसिद्धीसाठी चढते. एरवीच्या दिवशी भाव त्याच्या आसपासही फिरकत नाही.

विकणाऱ्यांची मोठी फसगत होते ती कन्साइनमेंटवर, म्हणजे भाव न ठरवता विक्रीसाठी, माल पाठवताना. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून मासा जपानच्या लिलावासाठी विमानात चढतो तेव्हा भाव ठरलेलाच नसतो. लिलावात जे येईल त्यातून विमानभाडं, पेटी-बर्फ आणि अडत वजा होते. मासा हलक्या प्रतीचा ठरला, तर हाती काही उरेलच असं नाही. म्हणून वजन अख्ख्या माशाचं धरायचं की कल्ले-आतडी काढलेल्याचं, आणि प्रत घसरली तर तोटा कोणाचा, हे आधी लेखी ठरवा.

प्रत घसरते ती बहुतेक वेळा बोटीवरच. ब्लूफिनचं शरीर भोवतालच्या पाण्यापेक्षा गरम असतं. गळाला लागल्यावर तो झुंजतो, अंग आणखी तापतं, स्नायूंत लॅक्टिक आम्ल साचतं. मग मांस फिकट, मऊ आणि आंबूस होतं. जपानी व्यापारी त्याला ‘याके’, म्हणजे भाजलेला, म्हणतात. तोयोसुत खरेदीदार शेपटीच्या कापावर बॅटरीचा झोत टाकतात, मांसाचा कण बोटांत चोळून पाहतात. तिथे हे लपत नाही. उपाय बोटीवरच करायचा असतो: मासा शांत होऊ द्या, मेंदूवर एका घावात मारा, लगेच रक्त काढा, कल्ले-आतडी काढून पोटात बर्फ भरा आणि समुद्राच्या पाण्यात कालवलेल्या बर्फात बुडवा. नुसते वरून बर्फाचे तुकडे टाकले तर मोठ्या माशाचा गाभा कितीतरी तास गरमच राहतो.

गोठवलेला माल लाल होता आणि आता तपकिरी दिसतोय? साठवण तपासा. कच्चा खायचा ट्यूना उणे ६० अंशांच्या आसपास ठेवतात. उणे १८ च्या साध्या शीतगृहात रंग टिकत नाही. उलट दिवसेंदिवस चेरीसारखा लाल राहणारा तुकडा दिसला तर रंग टिकवायला कार्बन मोनॉक्साइड वायू दिल्याची शंका घ्या. जपान आणि युरोपीय संघात या प्रक्रियेला बंदी आहे.

कागदांकडे दुर्लक्ष केलं, तर उत्तम मासाही अडकतो. अटलांटिक ब्लूफिनसाठी आयकॅट या अटलांटिक ट्यूनाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाचा इलेक्ट्रॉनिक दस्तऐवज लागतो. दक्षिणी ब्लूफिनसाठी सीसीएसबीटी या आयोगाची दस्तऐवजांची पद्धत २०१० पासून आहे, आणि प्रत्येक माशाला स्वतंत्र क्रमांकाचा टॅग असतो. ‘कागद मागून येतील’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. २०१८ मध्ये युरोपोल या युरोपीय पोलीस संस्थेने उघड केलेल्या प्रकरणात ७९ जणांना अटक झाली आणि ८० टनांहून जास्त मासा जप्त झाला. भूमध्य समुद्रातला ब्लूफिन कोट्याबाहेर पकडून युरोपात विकला जात होता. या माशाचा साठा मोठ्या कष्टाने सावरला आहे. स्वस्तातला बेहिशेबी माल घेणं म्हणजे त्या कष्टांवर पाणी ओतणं.

आपल्या किनाऱ्यावर मिळणारा कुपा किंवा गेदर म्हणजे ब्लूफिन नव्हे. ट्यूनाच्या जाती बाजारात एकमेकींच्या नावाने खपतात, म्हणून बिलावर नुसतं ‘ट्यूना’ चालवून घेऊ नका, शास्त्रीय नाव मागा. अटलांटिकसाठी थुनस थिनस, पॅसिफिकसाठी थुनस ओरिएंटॅलिस, दक्षिणीसाठी थुनस मॅकोयाय. शंका असेल तर डीएनए चाचणी करा.

माल उतरवताना गाभ्यात थर्मामीटर खुपसून तापमान लिहून ठेवा. गरम राहिलेल्या ट्यूनात हिस्टामिन हे बाधा करणारं द्रव्य तयार होतं, आणि ते गोठवून, तळून किंवा शिजवून जात नाही. बोटीपासूनची तापमानाची नोंद सलग मिळाली नाही, तर तपासणी होईपर्यंत माल बाजूला ठेवा.