वार बघायचाय? टर्मिनललाच विचारा
अमुक तारखेला कोणता वार, एवढंच बघायला ब्राउझर उघडावा तर आणखी चार टॅब उघडले जातात. लिनक्स किंवा मॅकवर असाल तर टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) सी-ए-एल ही तीन अक्षरं (स्मॉल लिपीत) टाइप करून एंटर दाबा. चालू महिना समोर.

१. तीन अक्षरांपुढे स्पेस देऊन उणे चिन्ह आणि लगेच ३ लिहा. मागचा, चालू आणि पुढचा महिना शेजारी शेजारी दिसतो. महिनाअखेरीला लागून रजा टाकायची असेल तर हेच सोयीचं.

२. ठरावीक महिना हवा तर आधी महिन्याचा आकडा, स्पेस, मग वर्ष. ५ आणि १९६० दिलंत की कळतं, महाराष्ट्र स्थापनेचा १ मे रविवारी आला होता.

३. नुसतं वर्ष दिलं की बाराही महिने.

वर्ष मात्र पूर्ण लिहा. १९६० ऐवजी ६० टाकलंत तर थेट इसवी सन ६० मधला मे हजर होतो! आकडेही इंग्रजीच हवेत.

उबुंटूवर ही कमांड सापडलीच नाही तर एनकॅल (एन-सी-ए-एल) नावाचं पॅकेज इन्स्टॉल करा.