आधी उसळ, मग भाकरी: आतड्याचे संकेत नीट चालावेत म्हणून ताट कसे वाढावे

आतड्याच्या अस्तरात अन्न ओळखणाऱ्या पेशी असतात. पचलेल्या अन्नातली साखर, प्रथिनांचे तुकडे आणि मेदाम्ले त्यांच्यापर्यंत पोहोचली की त्या संप्रेरके (हार्मोन), म्हणजे रक्तातून शरीराला संकेत देणारी द्रव्ये, सोडतात. लहान आतड्याच्या सुरुवातीला कोलेसिस्टोकायनिन सुटते. त्याने पित्ताशय आकुंचन पावते आणि जठर सावकाश रिकामे होते. आतड्याच्या शेवटाकडे जीएलपी-१ आणि पीवायवाय ही संप्रेरके जास्त सुटतात. ती भूक आवरतात, आणि जीएलपी-१ मुळे जेवणानंतर इन्शुलिनही वाढते. म्हणून काय खाल्ले याबरोबर कशाच्या आधी आणि किती वेगाने खाल्ले, यालाही महत्त्व आहे. सातारा-सांगलीकडच्या ताटात लागणारे सगळे असतेच. क्रम आणि प्रमाण तेवढे बदलायचे.

१. रोज एक वाटी कडधान्य

कोरेगावचा घेवडा, मटकी किंवा माण-खटाव, जतकडचा हुलगा, काहीही चालेल. माणशी एका वेळी ३० ग्रॅम कोरडे घ्या. घेवडा ८ ते १० तास भिजवा, ते पाणी ओतून द्या आणि ताज्या पाण्यात कुकरला बोटाने सहज दाबला जाईल इतका मऊ शिजवा. अर्धकच्च्या घेवड्याने उलट्या-जुलाब होतात.

कडधान्यातले तंतू आणि काही स्टार्च लहान आतड्यात पचत नाहीत. मोठ्या आतड्यातले जिवाणू ते आंबवतात आणि त्यातून ॲसिटेट, प्रोपिओनेट व ब्युटिरेट ही आखूड साखळीची मेदाम्ले तयार होतात. मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशींची बरीचशी ऊर्जा ब्युटिरेटमधूनच येते, शिवाय ही आम्ले जीएलपी-१ सोडणाऱ्या पेशींनाही चालना देतात.

इथे घाई नडते. सवय नसताना पहिल्याच दिवशी वाटीभर उसळ खाल्ली की पोट फुगते आणि माणूस कडधान्यच सोडून देतो. पाव वाटीने सुरुवात करा, दर आठवड्याला थोडे वाढवा, पाणीही वाढवा.

२. वाढण्याचा क्रम

कोशिंबीर आणि निम्मी उसळ आधी खा. पाच-दहा मिनिटांनी भाकरी, उरलेली उसळ तिच्याबरोबर. भात शेवटी, थोडा. भाज्या आणि प्रथिने आधी खाल्ल्यास टाइप २ मधुमेहींची जेवणानंतरची साखर कमी चढते, असे अभ्यासांत दिसले आहे.

३. जवसाची चटणी

१०० ग्रॅम जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा, करपवू नका. पूर्ण गार झाल्यावर ८-१० लसूण पाकळ्या, दोन चमचे तिखट आणि चवीपुरते मीठ घालून वाटा. अख्खे जवस चावले गेले नाही तर जसेच्या तसे बाहेर पडते, त्यामुळे वाटणे टाळू नका. वाटलेले जवस मात्र लवकर खवट होते. दहा दिवसांपुरतीच करा, घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवा, कडवट वास आला तर टाकून द्या.

रोज १० ग्रॅम पुरे; त्यातून सुमारे २ ग्रॅम ओमेगा-३ प्रकारचे अल्फा-लिनोलेनिक आम्ल मिळते. कारळ्याची चटणी चवीला उत्तम, पण तिच्यात मुख्यतः ओमेगा-६ प्रकारचे लिनोलेइक आम्ल असते. ती जवसाची जागा घेत नाही. माशांत मिळणारी लांब साखळीची ओमेगा-३ आम्ले शरीर जवसापासून फारच थोडी बनवते. मासे चालत असतील तर आठवड्यातून दोनदा बांगडा खा.

४. तेल मोजून, घास सावकाश

तेल जसेच्या तसे आतड्याला ओळखू येत नाही. आधी लायपेज या पाचक विकराने (एन्झाइमने) त्यातून मेदाम्ले सुटी करावी लागतात, मग संकेत जातो. याला वेळ लागतो, म्हणून जेवणाला किमान २० मिनिटे द्या. तृप्ती वाढेल म्हणून तर्री वाढवू नका. तेलाच्या दर ग्रॅमला ९ किलोकॅलरी मिळतात. माणशी रोज २० ते २५ ग्रॅम तेल धरले तर चौघांच्या घरात महिन्याला अडीच ते सव्वातीन लिटर पुरते. शेंगदाण्यात जवळपास निम्मा मेद असतो, तेव्हा कूट आणि चटणी घालतानाही हात आवरा. तळलेले तेल पुन्हा पुन्हा तापवू नका.

५. शिळी भाकरी

गार झालेल्या भाकरीतला थोडा स्टार्च पचायला कठीण होतो आणि जिवाणूंच्या वाट्याला जातो. फायदा छोटा आहे. भाताबाबत जपा: उरलेला भात तासा-दोन तासांत फ्रिजमध्ये ठेवा. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात खाऊ नका.

कोणी आधी विचारावे

इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर या बदलाने साखर एकदम खाली जाऊ शकते. डॉक्टरांना सांगून, ग्लुकोमीटरने तपासत बदल करा. तेलकट जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येत असेल तर पित्ताशयात खडे आहेत का, ते तपासून घ्या. जीएलपी-१ सारखे काम करणारे आठवड्याचे इंजेक्शन घेणाऱ्यांनी ते आपल्या मनाने थांबवू नये: शरीरात तयार होणारे जीएलपी-१ दोन-तीन मिनिटांत निम्मे उरते, औषधाचा परिणाम आठवडाभर राहतो. आहाराने तेवढा परिणाम मिळत नाही.