ऑटोमॅटिक पिकअपला जादा ऑइल कूलर बसवताना

हा कूलर गिअरबॉक्सचं ऑइल थंड करतो; तो विकत घेण्याआधी त्या ऑइलचं तापमान मोजा. गेज नसेल तर हे तापमान दाखवणारा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकाला जोडायचं यंत्र) चालतो. भरलेला ट्रेलर ओढत घाट चढताना ऑइल ८० ते ९५ अंश सेल्सिअसमध्ये राहत असेल, तर कूलरवर पैसे घालू नका. ११० च्या वर बराच वेळ टिकत असेल, तर मात्र तो हवाच. १२० च्या पुढे ऑइल लवकर करपतं, सील कडक होतात आणि क्लचप्लेटा घसरू लागतात. ही उष्णता मुख्यतः टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिनची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) तयार होते. कमी वेग, जड ओझं आणि सुटलेलं लॉकअप (कन्व्हर्टरला थेट जोडून घसरण थांबवणारा क्लच) एकत्र आलं की ती सर्वांत जास्त. म्हणून महामार्गावर थंड राहणारी गाडी घाटात तापते. मॅन्युअल गिअरबॉक्सच्या मालट्रकला सहसा हे लागत नाही.

प्रकार निवडताना स्टॅक्ड प्लेट, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोकळ प्लेटांचा कूलर घ्या. वाकवलेल्या नळीवर पत्र्याच्या पाकळ्या बसवलेला कूलर स्वस्त असतो, पण तेवढ्याच जागेत तो बराच कमी थंड करतो. किटवर वजनाची मर्यादा लिहिलेली असते; गाडी, ट्रेलर आणि माल यांची बेरीज करून त्याच्या वरच्या मापाचा घ्या. नोझल आणि होज मूळ पाइपच्या आतल्या व्यासापेक्षा बारीक नको. बहुतेक ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये कूलरमधून परतणारं ऑइलच गिअर आणि बुशना वंगण देतं. प्रवाह आटला तर ऑइल थंड असूनही बुश जळतात.

क्रम असा: गिअरबॉक्स, रेडिएटरमधला मूळ कूलर, जादा कूलर, पुन्हा गिअरबॉक्स. उलटा लावलात तर थंड झालेलं ऑइल रेडिएटरच्या गरम पाण्यात पुन्हा तापतं. परतीची लाइन ओळखायला ऑइल गरम असताना रेडिएटरजवळचा एक जोड सोडा, दोन्ही तोंडांखाली भांडं धरा आणि इंजिन दोन-तीन सेकंद चालवा. ऑइल रेडिएटरच्या तोंडातून आलं तर हीच परतीची लाइन. पाइपमधून आलं तर दुसरी. गरम ऑइलने भाजतं, तेव्हा हात आणि तोंड दूर ठेवा.

कूलर एसी कंडेन्सरच्या पुढे, जाळीतून थेट वारा लागेल असा बसवा. दोघांमध्ये १० ते २० मिलिमीटर अंतर ठेवा. रेडिएटरच्या पाकळ्यांतून आरपार ओढायच्या प्लॅस्टिक पट्ट्या किटमध्ये मिळतात. त्या वापरूच नका. गाडीच्या थरथराटाने पट्टी पाकळी घासते, मग नळी, आणि एक दिवस रस्त्यातच पाणी गळतं. पट्टीपत्र्याचे ब्रॅकेट बनवून रेडिएटर सपोर्टला रबर बुशसह बोल्ट करा. तोंडं वर किंवा बाजूला ठेवा. खाली ठेवली तर वरच्या भागात हवा अडकते.

होज गिअरबॉक्स ऑइलसाठीचाच हवा. पेट्रोलचा होज या तापमानाला कडक होऊन चिरतो. धातूच्या पाइपवर चढवायचा असेल तर टोकाला फ्लेअर (पसरट तोंड) किंवा कंगोरा करून घ्या, नाहीतर क्लिप कितीही आवळा, होज निसटतो. पत्र्यातून जाताना रबर ग्रोमेट, सायलेन्सरपासून लांब, आणि वळण मोठं.

इंजिन ऑइलचा कूलर वेगळा विषय आहे, आणि बऱ्याच डिझेल इंजिनांना तो पाण्यावर चालणारा मुळातच असतो. तरी लावायचाच असेल तर फिल्टर आणि ब्लॉकच्या मध्ये बसणारी सँडविच प्लेट घ्या, ८० अंशांच्या आसपास उघडणारा थर्मोस्टॅट असलेली. आटे फिल्टरशी जुळवून पाहा. इथे दाब ४ ते ५ बार, थंड सुरुवातीला त्याहून जास्त. साधी क्लिप चालणार नाही, टोकं क्रिम्प केलेलाच (यंत्राने दाबून पक्की बसवलेला) होज लावा.

गिअरबॉक्स आधी फुटला असेल तर जुना कूलर धुऊन वापरू नका. आत अडकलेला धातूचा भुसा नव्या गिअरबॉक्समध्ये उतरतो.

जोडणी झाली की कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच ऑइल भरा. सहसा अर्धा ते एक लिटर जास्त लागतं. इंजिन चालू ठेवून, सर्व गिअर फिरवून, मॅन्युअलमध्ये दिलेल्या तापमानाला लेव्हल बघा. १०० किलोमीटरनंतर आणि पुन्हा ५०० नंतर प्रत्येक जोड पुसून ओल पाहा, बोल्ट आवळा आणि होज कुठे घासतोय का ते हाताने चाचपा.