अटेन्युएटर जळतो कुठे? या चुका टाळा

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानांत अटेन्युएटर, म्हणजे केबलमध्ये जोडून रेडिओ सिग्नल ठरावीक प्रमाणात कमी करणारा छोटा भाग (याचंच दुसरं नाव पॅड), मागितला की पहिला प्रश्न येतो, "किती डीबी?" म्हणजे सिग्नल किती डेसिबलने कमी करायचा. आपण दहा-वीस काहीतरी सांगतो, डबी खिशात टाकतो आणि ग्रँट रोड स्टेशन गाठतो. किती वॅटचा, हे ना तो विचारत ना आपण. पॅड जळतात ते बहुधा इथेच.

अटेन्युएटर सिग्नल कमी करतो म्हणजे त्याची उष्णता करतो. १० डीबीच्या पॅडमध्ये आलेल्या पॉवरपैकी ९० टक्के आतच जिरते, २० डीबीच्या पॅडमध्ये ९९ टक्के. बोटाच्या पेराएवढ्या एसएमए (छोट्या स्क्रूच्या कनेक्टरच्या) पॅडची क्षमता साधारण २ वॅट असते. त्याला ५ वॅटचा वॉकीटॉकी हॅण्डसेट लावून पीटीटी (बोलण्याचं बटण) दाबलं तर पहिल्यांदा बहुतेक वेळा काहीच होत नाही, आणि तेच वाईट. माणूस निर्धास्त होतो. आतला रेझिस्टर मात्र भाजलेला असतो. पुढे रीडिंग एक-दोन डीबीने चुकू लागतं आणि आपण केबल बदलत बसतो. त्याहून महागाचा प्रकार म्हणजे ग्राउंडकडे जाणारा रेझिस्टरच उडणं. मग पॅडचा अडसर कमी होतो आणि पॉवर थेट पुढच्या स्पेक्ट्रम अनालायझरवर, म्हणजे सिग्नल तपासायच्या महागड्या यंत्रावर, जाते. अनेक अनालायझरांच्या इनपुटची मर्यादा १ वॅटच असते.

५० वॅटच्या ट्रान्समीटरपुढे ३० डीबी हवेत म्हणून १० डीबीचे तीन पॅड जोडले, तर पहिल्यात ४५ वॅट जिरतात, दुसऱ्यात साडेचार, तिसऱ्यात अर्ध्या वॅटहूनही कमी. ओझं तिघांत सारखं वाटलं जात नाही. ट्रान्समीटरकडचा पहिला पॅडच दणकट, पंखांच्या हीटसिंकचा घ्या; मागचे छोटे चालतात. मोठ्या वॅटच्या पुष्कळ पॅडवर 'इनपुट' छापलेलं असतं. ते शोभेसाठी नाही. उलटा लावला तर डीबी तेवढेच मिळतात, पण सगळी उष्णता दुबळ्या बाजूला जाते. आणि छापील वॅट बहुधा २५ अंश सेल्सिअसचे असतात. मे महिन्यात गच्चीवरच्या पत्र्याच्या केबिनमध्ये २५ अंश कुठले! डेटाशीटमधला तापमानाचा आलेख पाहा.

डिशच्या केबलमध्ये साधा पॅड घालणं ही दुसरी ठरलेली चूक. रिसीव्हर त्याच केबलमधून एलएनबीला (डिशच्या तोंडाशी असलेल्या सिग्नल पकडणाऱ्या डबीला) १३ किंवा १८ व्होल्ट डीसी पाठवतो. पॅड ते व्होल्ट खातो, स्वतः तापतो आणि एलएनबी उपाशी. तिथे डीसी पुढे जाऊ देणारा प्रकारच हवा.

कनेक्टरचं थोडक्यात. एसएमए, ३.५ मिमी आणि २.९२ मिमी हे कनेक्टर एकमेकांत बसतात, २.४ मिमी त्यांच्यात बसत नाही, जबरदस्ती करू नका. एन या मोठ्या कनेक्टरचा ५० ओहमचा मेल ७५ ओहमच्या फीमेलमध्ये घुसवला तर आतला नाजूक संपर्क फाकतो. घट्ट करताना फक्त नट फिरवा, पॅडचं अंग नाही. आणि कनेक्टरच्या टोप्या फेकू नका, मुंबईची खारट दमट हवा सोन्याच्या मुलाम्यालाही सोडत नाही.

शंका आली तर मल्टिमीटर काढा. ५० ओहमच्या पॅडचं दुसरं टोक मोकळं ठेवून मधली पिन आणि बॉडी यांत मोजा: ३ डीबीला साधारण १५०, ६ डीबीला ८३, १० डीबीला ६१, २० डीबीला ५१ ओहम. मग टोक बदलून पुन्हा मोजा. दोन्हीकडचे आकडे जुळले नाहीत तर पॅड बाद. जुळले तरी एवढंच कळतं की डीसीला तो शाबूत आहे. ३ गिगाहर्ट्झचा पॅड १० गिगाहर्ट्झला काय करेल, हे मल्टिमीटर सांगत नाही. त्यासाठी व्हीएनएच (व्हेक्टर नेटवर्क अनालायझर, वेगवेगळ्या फ्रीक्वेन्सीला पॅड तपासणारं यंत्र) लागतो.