लेकरानं ‘डोया’ लिहिलं तर लगेच लाल फुली मारू नका

पोट्टं तिसरीत गेलं तरी वाचत नाही म्हटलं की आपला उपाय ठरलेला, बाराखडी १० वेळा लिहून आण. ते आणते बी, अक्षर मोत्यासारखं, पण हे काय लिहिलं विचारा, तर खिडकीबाहेर पाहते. ते वाचणं नव्हतंच, चित्र काढणं होतं. मी बी सुरुवातीची दोन-तीन वर्षं हेच केलं.

आधी कान-डोळे पाहा. मागून हळू आवाज द्या, शेवटच्या बाकावरून फळा वाचायला लावा, कधीकधी सारं तिथंच निघते. अन घरची बोली ऐका. आपल्या वऱ्हाडीत ळ चा य होते, म्हणून डोळा ‘डोया’ अन जवळ ‘जवय’, ते दिव्यांगपण नाही, लेकरू ऐकलं तसं लिहून राहिलं. त्याचा शब्द ठेवा, बाजूला पुस्तकातला लिहा. मेळघाटात तर घरी कोरकू, तिथं मराठी शब्दाचा अर्थच आधी द्यावा लागते.

मग अ आ इ ई सोडा. क, म, न, ल ही ४ अक्षरं अन एक काना घ्या, एवढ्यात कान, नाक, काम, माल, लाल, मामा, काका होतात. पहिल्याच आठवड्यात आपण शब्द वाचला हे त्याला कळलं पाहिजे. ताटात बारीक रेती पसरा, बोटानं अक्षर गिरवताना आवाज मोठ्यानं काढायचा, नुसतं गिरवून काही होत नाही. पोळ्याला मातीचे बैल करतात तशीच माती घेऊन अक्षरं बी करा.

ब-व, भ-म, घ-ध हे जोडीनं कधीच शिकवू नका, एक पक्कं झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी दुसरं. सगळ्यात जास्त छळते ती पहिली वेलांटी, ‘कि’ मध्ये ती लिहायची आधी अन बोलायची नंतर, लेकरू डावीकडून वाचत गेलं की अडकलंच. म्हणून मी दुसरी वेलांटी आधी घेतो, ‘की’ पक्की झाली की मग ‘कि’, तिची वेलांटी लाल खडूनं. रफार तर लईच पुढं.

कमी ऐकू येणाऱ्याला शिकवताना उजेड आपल्या तोंडावर पाहिजे, खिडकीला पाठ करून उभं राहू नका, अन शब्दासोबत वस्तू हातात द्या. ज्याचा हात वळत नाही त्याच्या पेन्सिलीला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळा, नाहीच जमलं तर पुठ्ठ्याची अक्षरं सरकवून शब्द करू द्या, हात अडला म्हणजे डोकं अडलं नाही ना बाप्पा.

दिव्यांग प्रमाणपत्राचं काम चालू ठेवा, पण त्यासाठी शिकवणं थांबवू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगपणाचे २१ प्रकार आहेत, त्यात आपल्याकडचा सिकलसेल हा रक्ताचा आजार बी आहे. ही लेकरं अंग दुखलं की आठवडाभर येत नाहीत, परत आल्यावर मागचं सारं एकदम लिहायला लावू नका. त्यांच्यासाठी मी रिकाम्या आगपेटीत ५ शब्दांच्या चिठ्ठ्या घालून शेजारच्या पोराजवळ घरी पाठवतो. माय शेतातून आली की लेकरानं तिला वाचून दाखवायच्या, तिला वाचता येत नसलं तरी चालते, चिठ्ठीमागं चित्र राहते. जी चिठ्ठी ३ दिवस न अडखळता वाचली ती काढायची अन तिच्या जागी नवी टाकायची.