बीमरमध्ये स्लाइड लिहायला शिकताना

एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षी सेमिनार आला तेव्हा सरांनी एकच अट घातली : स्लाइड बीमरमध्ये, म्हणजे लेटेकच्या स्लाइड बनवायच्या साधनात, हव्यात. प्रकल्पाचा अहवाल मी लेटेकमध्येच (आज्ञा टाइप करून मजकूर आणि समीकरणं मांडायची प्रणाली) लिहिला होता, त्यामुळे दोन दिवसांत काम उरकेल असं वाटलं. प्रत्यक्षात दोन आठवडे लागले. त्यातला बराचसा वेळ ज्या अडचणींत गेला, त्या पहिल्यांदाच बीमर हातात घेणाऱ्यांसाठी लिहून ठेवते आहे.

जर्मनमध्ये बीमर म्हणजे प्रोजेक्टर. टिल टांटाऊ यांनी 2003 साली स्वतःच्या पीएचडीच्या सादरीकरणासाठी हे लिहिलं. आकृत्या काढायचं टिक्झही त्यांचंच. यात माउसने काही ओढायचं नसतं. साध्या मजकुराच्या फाइलमध्ये प्रत्येक स्लाइड ‘बिगिन फ्रेम’ आणि ‘एंड फ्रेम’ यांच्यामध्ये लिहायची, कंपाइल करायचं, म्हणजे ती फाइल लेटेककडून चालवून घ्यायची, की पीडीएफ तयार. (आज्ञा अर्थातच रोमन लिपीत टाइप करायच्या. इथे मी उच्चार देते आहे.)

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की डोक्यात बसवा. पीडीएफ स्थिर असते. ओळी एकेक करून येताना दिसतात, तेव्हा खरं तर एकाच फ्रेमची अनेक पानं तयार झालेली असतात आणि आपण ती उलटत असतो. फ्रेममध्ये तीन ठिकाणी ‘पॉज’ लिहिलं की चार पानं होतात. पहिल्या पानावर पहिल्या पॉजपर्यंतचा मजकूर, दुसऱ्यावर त्यापुढचा थोडा, असं. हे कळलं की ‘आयटम’ला (यादीतला एक मुद्दा लिहायची आज्ञा) चिकटून लिहिलेलं <2-> काय सांगतं तेही कळतं : दुसऱ्या पानापासून शेवटपर्यंत दाखव. <2> म्हणजे फक्त दुसऱ्यावर, <2-4> म्हणजे दुसऱ्यापासून चौथ्यापर्यंत. बीमरचं सगळं ॲनिमेशन या आकड्यांवर उभं आहे. म्हणून मी आता फाइल उघडण्याआधी कागदावर लिहून घेते, की ऐकणाऱ्याला कुठली ओळ कितव्या पायरीला दिसायला हवी.

मला सगळ्यात जास्त छळलं ते ‘ओन्ली’ या आज्ञेने, जी मजकूर फक्त सांगितलेल्या पानांवर दाखवते. वर्गमूळ 2 अपरिमेय आहे ही सिद्धता मी एका फ्रेममध्ये बसवली होती. p² = 2q² ही ओळ पहिल्या पायरीला, ‘म्हणून p सम’ दुसऱ्या पायरीला, वगैरे. प्रत्येक ओळ ‘ओन्ली’मध्ये टाकली. कळ दाबली की नवी ओळ यायची आणि आधीची समीकरणं टुणकन वर सरकायची. पाहणाऱ्याचे डोळे जिथे होते तिथली ओळच जागेवरून हलते, मग सिद्धता डोक्यात शिरणार कशी? कारण असं, की ‘ओन्ली’मधला मजकूर ज्या पानावर दिसत नाही तिथे जागाही धरत नाही आणि बीमर फ्रेममधला मजकूर उभ्या दिशेने मध्यभागी मांडतं. मजकूर वाढला की सगळं पुन्हा मधोमध येतं. ‘अनकव्हर’ मात्र मजकूर झाकतो, पण त्याची जागा राखून ठेवतो. टप्प्याटप्प्याने उलगडायचं असेल तिथे ‘अनकव्हर’ वापरा. एक आकृती काढून तिच्याच जागी दुसरी आणायची असेल तर ‘ओन्ली’ योग्य, पण तेव्हा ते ठराविक उंचीच्या ‘ओव्हरले एरिया’ या राखीव चौकटीमध्ये ठेवा, म्हणजे आजूबाजूचं काही हलत नाही.

सेमिनारच्या आदल्या संध्याकाळी छापील प्रत हवी असा निरोप आला. मी पीडीएफ तशीच झेरॉक्सवाल्याकडे दिली आणि 23 फ्रेमची 90 च्या वर पानं छापून आली, निम्म्यांवर अर्धवट सिद्धता. तेव्हा माहीत असतं तर फाइलच्या पहिल्याच ओळीत, चौकटी कंसात ‘हँडआउट’ हा एक शब्द घातला असता. त्याने सगळ्या पायऱ्या मिटून प्रत्येक फ्रेमचं एकच पान होतं. ‘ओन्ली’ने अदलाबदल केलेल्या आकृत्या मात्र त्या पानावर एकत्र येऊ शकतात, तेवढं छापण्याआधी बघा.

चुका शोधण्याबद्दल. बीमर आधी अख्खी फ्रेम गोळा करतं आणि मग तिच्यावर काम करतं. त्यामुळे सातव्या ओळीत महिरपी कंस बंद करायचा राहिला तरी चूक बहुधा फ्रेमच्या शेवटी दाखवली जाते, कधी कधी थेट फाइलच्या शेवटी. एक फ्रेम लिहून झाली की लगेच कंपाइल करा, पुढे जाऊ नका. प्रोग्रॅमचा कोड जसाच्या तसा दाखवायचा असेल तर फ्रेमला ‘फ्रॅजाइल’ हा पर्याय द्यावाच लागतो. तो विसरला तर येणारा संदेश वाचून मूळ कारण कळणं अवघड आहे.

थीमवर, म्हणजे स्लाइडच्या तयार सजावटीवर, वेळ घालवू नका. वॉर्सा, बर्लिन, कोपनहेगन अशी शहरांची नावं आहेत, कुठलीही साधी घ्या. जागेचा विचार मात्र करा. बीमरचं मूळ पान 128 बाय 96 मिलिमीटरचं, म्हणजे जवळपास पोस्टकार्डाएवढं असतं. म्हणूनच 11 पॉइंटची अक्षरं पडद्यावर मोठी दिसतात. बीमरच्या माहितीपुस्तिकेतच एका फ्रेमवर साधारण 20 ते 40 शब्द ठेवा असं सांगितलं आहे. मजकूर मावत नाही म्हणून अक्षरं बारीक करायचा मोह होतो. तसं न करता फ्रेमच तोडा.

आता मराठीविषयी, कारण हे कुणी मला नीट सांगितलं नव्हतं. गेल्या वर्षी नववीच्या मुलांसाठी विषम संख्यांच्या बेरजेवर स्लाइड केल्या. झीलेटेक (संगणकावरचे देवनागरी फाँट थेट वापरू देणारं लेटेकचं रूप) निवडलं, ‘सेट मेन फाँट’ने देवनागरी फाँट दिला आणि स्लाइड कोऱ्या आल्या. बीमर मूळात सॅन्स, म्हणजे टोकांना नक्षी नसलेली, अक्षरं वापरतं, त्यामुळे मेन फाँटला तिथे कुणी विचारतच नाही. आज्ञा हवी ‘सेट सॅन्स फाँट’, आणि तिच्यासोबत ‘स्क्रिप्ट’ देवनागरी असल्याचं सांगायला हवं. ते राहिलं की ‘किती’ची पहिली वेलांटी क च्या आधी न येता नंतर जाऊन बसते आणि जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात. आयआयटी मुंबईत तयार झालेला शोभिका हा मोफत फाँट मी वापरते. त्यात जोडाक्षरं सुरेख येतात.

त्या स्लाइडवर टिक्झने चौकोन काढले होते. आधी एक, मग त्याला काटकोनात चिकटलेले तीन, मग पाच, मग सात, प्रत्येक पायरीला वेगळा रंग. 1, 4, 9, 16. पाचव्या पायरीची कळ दाबण्याआधी मी थोडी थांबले, आणि मागच्या बाकावरून आवाज आला, “आता पंचवीस!”